मृद्वीका, माड आणि मोह : नाशिकच्या द्राक्षप्रांतीं केलेल्या प्रवासाचें टांचण

गेल्या माघ महिन्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आम्हांस आलें. हा गृहस्थ मूळचा भिवंडीचा. आज पंचवीस वर्षें नाशिक जिल्ह्यांत दिंडोरीच्या बाजूस द्राक्षांची बाग करून आहे, आणि बागेंतील बराच माल मद्य तयार करणाऱ्या कारखान्यास घालतो. सुट्टीच्या दिवशीं मुंबईकडील मंडळी बाग पाहावयास येतात. त्यांच्यासाठीं दारापाशीं एक दगडी पाटी बसवावी व तीवर या प्रांतांतील द्राक्षमद्याच्या दोन हजार वर्षांच्या परंपरेचें चार ओळींचें वर्णन कोरावें, असें त्याच्या मनांत होतें. "मजकूर गुरुजींनींच द्यावा, आपण वर्गांत सांगत होतां तोच चालेल," असें पत्राच्या शेवटीं लिहिलें होतें.

हें शेवटचें वाक्य वाचून आम्ही अंमळ अस्वस्थ झालों. रघुवंशाचा चवथा सर्ग शिकवितांना रघूचे सैनिक पारसीकांच्या देशांत द्राक्षांच्या मळ्यांत बसून मद्यानें श्रमपरिहार करितात तें स्थळ येई. आणि तेथें थांबून आम्ही मुलांस सांगत असूं कीं, असेंच मद्य यवन व्यापारी आपल्या गांवापासून दोन-तीन कोसांवरील कल्याण बंदरीं उतरवीत, आणि घाटावर जाऊन वेलहि त्यांनींच लाविले. पहिल्या अर्ध्यास कांहीं आधार होता. दुसरा अर्धा केवळ वक्त्याच्या उत्साहाचा होता. तीस वर्षांपूर्वीं फळ्यापुढें उच्चारलेलें वाक्य आतां दगडावर चढणार, हें ध्यानांत येतांच तें तपासून पाहण्याची जबाबदारी आम्हांवर येऊन पडली. म्हणून एका पोथीसंग्राहक स्नेह्यास बरोबर घेऊन आम्हीं नाशिकची वाट धरिली. त्या प्रवासांत जें पाहिलें व त्यावरून जुन्या लेखांचा जो अर्थ लागला, तो येथें टांचून ठेवीत आहों.

भिवंडी हें मुंबई-आग्रा रस्त्यावरचें गांव. पडघा, शहापूर, कसारा व थळ घाट हा क्रम पूर्वींपासूनचा. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा तुकडा खुला झाला. आमणें हें भिवंडी तालुक्यांतीलच गांव, त्यामुळें नागपुराहून निघालेला तो मार्ग आमच्या तालुक्यांत येऊन संपतो. रस्त्याच्या दोहों बाजूंस भातखाचरें होतीं तेथें आतां मालाच्या गोदामांच्या ओळी लागल्या आहेत. याविषयीं शेवटीं दोन शब्द लिहावयाचे आहेत.

याच तालुक्यांतील भादाणें या गांवाचें नांव शिलाहार राजा अपराजित याच्या शके ९१९, म्हणजे इसवी सन ९९७ च्या ताम्रपटांत आलें आहे. कीलहॉर्न यांनीं तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडांत छापिला, आणि पुढें मिराशी यांनीं शिलाहारांच्या लेखसंग्रहांत त्याचा समावेश केला. लवणतट येथील लोणादित्याच्या देवालयास भादाणें गांव दिल्याचें हें दानपत्र. लवणतट म्हणजे आजचें लोनाड. उत्तर कोंकणच्या शिलाहारांच्या दानपत्रांत गांव देतांना तो काष्ठ, तृण, उदक व वृक्षांच्या रांगा यांसह दिला असें सांगण्याचा प्रघात आहे. पुढें सहासातशें वर्षांनीं मराठी इनामपत्रांत 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप' अशी जी मालिका येते, ती याच प्रघाताची संतति. राज्यें बदललीं, भाषा संस्कृताची मराठी झाली, लिपि नागरीची मोडी झाली. पण गांव द्यावयाचा तर त्यांतील झाडांचा उच्चार झालाच पाहिजे, हा नियम टिकून राहिला. झाड ही आपल्याकडे जमिनीहून निराळी मोजली जाणारी मालमत्ता होती, हें पुढील विवेचनासाठीं वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

नाशिकास पोहोंचल्यावर बागेकडे न जातां आम्ही प्रथम पांडवलेण्यांकडे गेलों. द्राक्षांच्या प्राचीनत्वाची साक्ष काढावयाची तर तिचा पहिला साक्षीदार म्हणजे त्रिरश्मि पर्वतावरील शिलालेख. दहाव्या लेण्यांत नहपानाचा जामात उषवदात याचे लेख आहेत. पैकीं मोठ्या लेखांत त्यानें दिलेल्या देणग्यांची यादी आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर त्यानें फुकट तरी घातल्या. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधिल्या. आणि नानंगोल नांवाच्या गांवीं बत्तीस हजार नारळाचीं झाडें चरकांच्या परिषदांना दिलीं. नानंगोल म्हणजे संजाणजवळचें नारगोळ असावें, असें मत मांडलेलें आहे. त्याच लेण्यांतील दुसऱ्या लेखांत, ज्यांत वर्ष ४२ नमूद आहे, कापूर आहारांतील चिखलपद्र गांवीं आणखी आठ हजार नारळ दिल्याची नोंद आहे. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे कार्षापण ठेवून त्यांच्या व्याजावर भिक्षूंच्या चीवरांची सोय केल्याचा प्रसिद्ध मजकूरहि याच लेखांतला. भिवंडीसारख्या मागांच्या गांवांतून आलेल्या आम्हां दोघांस तो मजकूर दगडावर प्रत्यक्ष पाहतांना विशेष आनंद झाला, हें कबूल केलें पाहिजे.

आतां गंमत अशी कीं, आज ज्या डोंगराच्या चहूंकडे द्राक्षांचे मांडव पसरले आहेत, त्याच डोंगरावरील हा फळबागेचा सर्वांत जुना लेख एका द्राक्षाचेंहि नांव घेत नाहीं. तो बोलतो तें कोंकणच्या माडांविषयीं. गोवर्धनच्या आसपास द्राक्षांच्या मूल्यवान् बागा असत्या, तर नद्या, घाट, शेतें, गाई व नाणीं यांची एवढी बारीक मोजदाद ठेवणाऱ्या त्या दात्यानें त्यांतली एखादी तरी दिली असती, असें म्हणण्याचा मोह होतो. अनुल्लेख हा स्वतंत्र पुरावा नव्हे, हें खरें. परंतु दोन हजार वर्षांची परंपरा सांगणाऱ्यानें तरी या मौनाचें उत्तर दिलें पाहिजे.

संस्कृत ग्रंथ काय सांगतात, तें पाहूं. द्राक्षास संस्कृतांत मृद्वीका, गोस्तनी इत्यादि अनेक नांवें आहेत, आणि वैद्यकांत तिचा उपयोगहि प्राचीन आहे. परंतु ती येते कोठून? पाणिनीनें 'कापिशी' या नगरीच्या नांवापासून शब्द साधण्यासाठीं स्वतंत्र सूत्र केलें आहे, आणि काशिकाकारांनीं त्याचीं उदाहरणें देतांना तेथील मधु व तेथील द्राक्षा हींच सांगितलीं आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील बेग्रामचा परिसर. कौटिल्यानें सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षारसापासून होणाऱ्या मद्यास मधु म्हटलें असून, त्याचे जे देशवाचक भेद दिले आहेत त्यांत कापिशायन प्रमुख आहे. दक्षिणेंतील एकाहि स्थळाचें नांव तेथें नाहीं. कालिदासानें द्राक्षांचे मळे पारसीकांच्या मुलखांत दाखविले, विदर्भांत किंवा अपरान्तांत नव्हे. सातव्या शतकांत महाराष्ट्रांत आलेला चिनी यात्रिक युआन च्वांग हा येथील वीर युद्धापूर्वीं मद्य पितात व हत्तींनाहि पाजतात असें लिहितो. पण तें मद्य कशाचें, हें तो सांगत नाहीं. सारांश, ग्रंथांतील द्राक्षा ही वायव्येची रहिवासी. तिचें नांव दक्षिणेंतील प्रत्येक वैद्यास ठाऊक होतें. तिचा वेल मात्र त्याच्या परसांत असल्याचें कोणी म्हणत नाहीं.

यवनांच्या मद्याचें प्रकरण याहून नाजूक आहे, आणि तेंच आम्ही वर्गांत सांगत असूं. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत भरुकच्छास येणाऱ्या मालांत मद्याचा उल्लेख आहे. इटलीचें अधिक पसंत, त्याखालोखाल लाओदिकेया व अरबस्तान येथील, असा त्यांत क्रम दिला आहे. कल्याणचाहि उल्लेख आहे. पण तो असा कीं, त्या बंदरावर निर्बंध आले असून तेथें चुकून शिरलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भरुकच्छास नेलीं जातात. म्हणजे ज्या ग्रंथाच्या बळावर आम्हीं कल्याणास मद्य उतरविलें, तोच ग्रंथ त्या काळीं तें बंदर जवळजवळ बंद होतें असें सांगतो. पुढें नेवासें, तेर इत्यादि ठिकाणीं उत्खननांत जे दोन मुठींचे रोमन कुंभ सांपडल्याचें प्रसिद्ध झालें, त्यांची गोष्टहि तशीच. रोबर्टा टॉम्बर यांनीं हीं खापरें पुन्हां तपासून २००७ सालीं दाखवून दिलें कीं, भारतांतील 'रोमन' म्हणून नोंदलेल्या खापरांपैकीं बरींच रोमन नसून इराकच्या बाजूच्या, आंतून डांबर फांसलेल्या, बिनमुठींच्या लांबट रांजणांचीं आहेत. त्यांतूनहि मद्य येत असेल. पण तें इतर मुलखांतील वेलांचें. बाहेरून आलेला भरलेला कुंभ हा येथें वेल असल्याचा पुरावा होत नाहीं. किंबहुना तो येथें वेल नसल्याचाच पुरावा होण्याचा संभव अधिक. हा तर्क तीस वर्षें आमच्या ध्यानांत आला नाहीं, याची लाज आम्ही येथें नोंदून ठेवितों.

मग दक्षिणेंत द्राक्षाचा वेल पहिल्यानें कोठें दिसतो? आमच्या माहितींतील भक्कम उल्लेख इब्न बतूता याचा. दिल्लीहून १३४२ सालीं चीनकडे वकील म्हणून निघालेला हा प्रवासी वाटेंत दौलताबादेस आला होता. तेथें द्राक्षें व डाळिंबें होतात आणि तीं वर्षांतून दोन वेळां फळतात, असें तो सांगतो. हें 'दोन वेळां' आम्हांस नेहमींच प्रवाशाची अतिशयोक्ति वाटत असे. शिष्याच्या बागेंत पाऊल टाकीपर्यंत वाटतच होतें.

बागेंत आम्ही सकाळीं गेलों. वेल लोखंडी आधारांवर चढविलेले असून पूर्वींच्या पांगाऱ्याच्या खुंटांचा मागमूस राहिलेला नाहीं. जमिनींत मूळ एका रानटी अमेरिकन जातीचें, ज्यास येथें 'डॉगरिज' म्हणतात, आणि त्यावर कलम फ्रेंच जातीचें. बागाइतदार बोलतांना सहज म्हणाला, "गुरुजी, एप्रिलांत खरड छाटणी, आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. खरडीनें काडी तयार होते, गोडीनें घड येतो."

'गोडी' हा शब्द ऐकून आम्ही थांबलों. जेथें एकच पीक गोड येतें तेथें छाटणीस 'गोडी' म्हणण्याचें प्रयोजन काय? गोड हें विशेषण आंबटाच्या विरोधावांचून लागत नाहीं. आम्हीं विचारलें, "एप्रिलच्या छाटणीवर घड येतच नाहींत काय?" तो म्हणाला, "येतात. पण ते पावसांत सांपडतात. आंबट राहतात, कुजतात. म्हणून आम्ही ते काढून टाकतों. पूर्वींचे लोक तेंहि पीक घेत, असें म्हातारे सांगतात." बहारास धरून 'गोडी बहार' असाहि शब्दप्रयोग त्या भागांत रूढ आहे.

येथें चवदाव्या शतकांतील एका वाक्याचा आणि आजच्या मळ्यांतील एका शब्दाचा सांधा जुळतो. थंड देशांत द्राक्षाचा वेल हिवाळ्यांत झोंपतो व वर्षांतून एकदांच फळतो. दक्षिणेंत हिवाळा त्यास झोंपवीत नाहीं. तो सदैव हिरवा राहतो, आणि माळी कात्री लावील त्या वेळीं फुटतो. वर्षांत दोनदां छाटला तर दोनदां फळतो. एक पीक पावसांतलें आंबट, दुसरें माघ-फाल्गुनांतलें गोड. मोरोक्कोंतून आलेल्या प्रवाशास ही गोष्ट नवलाची वाटली व त्यानें ती टिपून ठेविली. तेव्हां त्याचें विधान अतिशयोक्त नसून, दक्षिणी पद्धतीच्या दुहेरी छाटणीचा तो अप्रत्यक्ष पुरावा आहे, असें आम्हांस वाटतें. आंबट पीक गेलें. त्याची साक्ष 'गोडी' या शब्दांत तेवढी राहिली. जुन्या जातींचीं नांवेंहि याच दिशेस बोट दाखवितात. भोकरी हें नांव आपल्या भोकराच्या फळावरून पडलेलें. पण साहेबी, हबशी हीं नांवें मुसलमानी दरबारांच्या वाटेनें आलेलीं उघड दिसतात. वेल दक्षिणेंत रुजला तो बहुधा सुलतानांच्या बागांतून. यवनांच्या गलबतांतून नव्हे.

दुपारीं शिष्यानें आपला पुरावा पुढें ठेविला. एका छापील कागदपत्रसंग्रहांतील किल्ल्याच्या सामानाची यादी त्यानें उतरून घेतली होती; तींत 'दारू' या शब्दापुढें मणांचे आंकडे होते. नाशिकच्या आसपासच्या किल्ल्यावर एवढी दारू असे, त्या अर्थीं येथें ती गाळीत असलेच पाहिजेत, असें त्याचें अनुमान! आमच्या स्नेह्यांस हसूं आवरेना. मराठी दप्तरांत 'दारू' म्हणजे बहुधा बंदुकीची दारू. 'दारूगोळा' या जोडशब्दांत ती आजहि जिवंत आहे. मूळ फारसींत दारू म्हणजे औषध. औषधाची भुकटी, मग तोफेची भुकटी, आणि मागाहून पिण्याचा पदार्थ, असा त्या शब्दाचा प्रवास आहे. मद्याचा शोध दप्तरांत घ्यावयाचा तर तो 'कलाल', 'कलाली', 'ताडमाडांवरील कर' अशा सदरांखालीं घेतला पाहिजे. जुने कागद चाळणाऱ्या नवशिक्यांनीं ही चूक टाळावी, एवढ्यासाठींच हा प्रसंग येथें लिहिला; शिष्याचा उपहास करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, कारण त्यास चुकीच्या वाटेवर लाविलें तें आम्हींच.

संध्याकाळीं मद्यशाळा पाहिली. गंगापूरच्या धरणापासून ती फार दूर नाहीं. याच गंगापुरास नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई यांनीं आपलें उत्तरायुष्य घालविलें, आणि जवळच्या चावंडस गांवास राघोबादादांनीं आनंदवल्ली हें नांव दिलें. पेशवाईंतील एवढें राजकारण ज्या कांठावर घडलें, तेथें आतां पोलादी टांक्यांच्या रांगा उभ्या आहेत. पहांटेच्या गारव्यांत तोडलेले घड तेथें येतात. देठ वेगळे काढितात; पांढऱ्या मद्यासाठीं लगेच रस पिळतात, तांबड्यासाठीं रस सालांसकट आंबवितात, कारण रंग सालींत असतो. टांक्यांस गार पाण्याचें वेष्टन असतें, म्हणजे आंबतांना उष्णता वाढून सुगंध उडून जात नाहीं. पक्व फळांत शंभर भागांस बावीस ते चोवीस भाग साखर असते. तीच किण्वानें मद्यार्क होते, वरून गोड कांहीं घालावें लागत नाहीं. आम्हीं स्वतः किण्व पडण्यापूर्वींचा रस घेतला. त्याचें माधुर्य अप्रतिम होतें.

'वरून गोड घालावें लागत नाहीं' हें ऐकून आम्हांस शार्ङ्गधराची आठवण झाली. त्याच्या संहितेंत द्राक्षारिष्टाचा पाठ आहे, आणि घरोघरच्या वैद्यकाच्या बाडांतून तो उतरलेला आढळतो. त्यांत द्राक्षें अर्धी तुला, म्हणजे पन्नास पलें. तीं दोन द्रोण पाण्यांत शिजवून चतुर्थांश उरवावयाचीं. आणि गार झाल्यावर त्यांत गूळ घालावयाचा तो दोन तुला, म्हणजे दोनशें पलें. द्राक्षांच्या चौपट गूळ! नांव द्राक्षाचें, पण त्या कुंभांत जें आंबतें तें मुख्यतः उंसाचें धन. कारण उघड आहे. दक्षिणेंतील वैद्याच्या हातीं येत असे ती ताजी मृद्वीका नव्हे, तर बाहेरून आलेली, महाग, वाळलेली मनुका. गूळ मात्र घरचा. आपल्या परंपरेंत द्राक्षांचें औषध होतें, द्राक्षांचें मद्य असें नव्हतेंच म्हटलें तरी चालेल, याचा याहून स्पष्ट पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं.

या प्रांतांतील द्राक्षमद्याचा खरा इतिहास फार थोड्या वर्षांचा आहे. पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें व नाशिक जिल्ह्यांत पिंपळगांव बसवंत येथें १९८० नंतरच्या दशकांत पहिले मोठे प्रयत्न झाले. नाशिकजवळच्या 'सुला' या मद्यशाळेचें पहिलें मद्य २००० सालीं बाजारांत आलें. २००१ सालीं राज्यशासनानें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें त्यासाठीं खास जागा राखिल्या. 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवास पुढें भौगोलिक संकेताची नोंदणीहि मिळाली. हें सर्व दोन पिढ्यांच्या डोळ्यांदेखतचें आहे, आणि त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. ज्यानें स्वतःच्या हातांनीं कांहीं उभें केलें, त्यास उसन्या पणजोबांची गरज असूं नये.

परंतु परंपरेचा प्रश्न एवढ्यानें मिटत नाहीं. नाशिकास नाहीं, तर मग कोठें आहे? याचें उत्तर आम्हांस परततांना थळ घाट उतरल्यावर मिळालें. कसाऱ्यापासून खालीं शहापूर, भिवंडी, वाडें, जव्हार या टापूंत मोहाचीं झाडें उभीं आहेत, आणि किनाऱ्याकडे ताडमाडांच्या बागा. उषवदाताचे बत्तीस हजार नारळ याच किनाऱ्याचे. ताड व खजूर यांच्या रसापासून होणाऱ्या मद्यास शार्ङ्गधर वारुणी म्हणतो. मनूनें सुरेचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले, त्यांपैकीं माध्वीचा अर्थ कुल्लूकभट्टानें मोहाच्या फुलांचें मद्य असाच केला आहे. १५६३ सालीं गोव्यास छापलेल्या आपल्या ग्रंथांत गार्सिया द ओर्ता माडाच्या रसास 'सूर' म्हणतात असें नोंदवितो. गोमंतकांत तो शब्द आजहि त्याच अर्थीं चालतो. सुरा हा वैदिक शब्द ज्या रसास चिकटून जिवंत राहिला, तो रस द्राक्षाचा नसून माडाचा आहे.

मग ही परंपरा पाटीवर कां चढत नाहीं? याचें कारण ग्रंथांत नसून कायद्यांत आहे. १८७८ सालच्या मुंबई अबकारी कायद्यानें गाळप मक्त्याच्या भट्ट्यांकडे गेलें आणि ताडमाड छेदण्यास झाडागणिक कर बसला. १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानें फुलें गोळा करणें, बाळगणें व विकणें यांवर निर्बंध आले. हीं फुलें फाल्गुन-चैत्रांत पहांटे झडतात. वारली, कातकरी, ठाकूर हे लोक तीं वाळवून ठेवीत, आणि अडचणीच्या दिवसांत शिजवून खातहि असत. म्हणजे जो निर्बंध मद्यावर म्हणून आला, तो पुष्कळ घरांत अन्नावरहि पडला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानें सरसकट बंदी आली. आणि त्याच कायद्याच्या परवान्यांखालीं आज घाटावर द्राक्षमद्य निघतें. घाटावरील नव्यास परवाना व संकेत, घाटाखालील जुन्यास गुन्ह्याची नोंद, असा हा न्याय झाला. मद्यपानाची शिफारस आम्हांस करावयाची नाहीं. स्वतः आम्ही त्यापासून दूर आहों. परंतु इतिहास लिहावयाचा तर ज्याचा खरोखर आहे त्याचाच लिहिला पाहिजे. वारल्याच्या मोहास विसरून यवनांच्या कुंभास पूर्वज म्हणणें, ही विद्वत्ता नव्हे.

शिष्यास आम्हीं पाटीसाठीं जो मजकूर पाठविला तो असा : "दक्षिणेंत द्राक्षाचा वेल सुमारें पावणेसातशें वर्षांपासून लेखांत दिसतो. वर्षांतून दोनदां छाटण्याची येथील रीत त्याच काळापासूनची असावी. या खोऱ्यांतील द्राक्षमद्य आमच्या हयातींतलें आहे. याहून जुनें मद्य पाहावयाचें असेल, तर घाट उतरून मोहाच्या झाडाखालीं जावें." त्यानें पंधरा दिवस उत्तर पाठविलें नाहीं. मग लिहिलें कीं, शेवटची ओळ पाहुण्यांस रुचेल कीं नाहीं याची शंका होती, तरी पाटी जशीच्या तशी कोरावयास दिली आहे.

आतां गोदामांविषयीं. भिवंडी तालुक्यांत शेतें विकलीं जात आहेत. त्यांबरोबर वाडे मोडले जातात, आणि वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल रद्दीवाल्याकडे जातात. गेल्या वर्षीं आमच्या समक्ष एका घरीं मोडी कागदांचें एक गाठोडें वजनावर दिलें गेलें. आम्ही पोहोंचेपर्यंत उरलीं तीं फक्त चार पानें, आणि त्यांत आंबे, फणस, ताड, मोह अशी झाडांची मोजदाद मालकांच्या नांवांसह होती. राजवाडे यांनीं दप्तरांमागें ज्या तळमळीनें भ्रमंती केली, ती राजकारणाच्या पत्रांसाठीं; पण झाडांच्या याद्या हेंहि इतिहासाचें साधन आहे. जमिनीवर एकदां काँक्रीट पडलें कीं ते वृक्ष कोठें होते हें सांगणारा तो कागदच एकटा उरतो.

यासाठीं संग्राहक बंधूंस विनंति अशी : आपल्या संग्रहीं झाडांच्या मोजणीचे कागद, ताडमाडांच्या कराच्या नोंदी, कलालीचीं कलमें, बागांच्या खर्चाचे ताळेबंद, किंवा वैद्यकाच्या बाडांतील आसव-अरिष्टांचे पाठ असल्यास ते क्षुल्लक म्हणून बाजूस सारूं नयेत. विशेषतः अरिष्टांच्या पाठांत द्राक्षें व गूळ यांचें प्रमाण काय दिलें आहे, आणि द्राक्षांच्या जागीं 'मनुका' लिहिलें आहे कीं काय, हें पाहून कळविल्यास मोठा उपकार होईल. तसेंच पावसाळ्यांतील आंबट द्राक्षांचा उल्लेख कोणाच्या कागदांत मिळाल्यास, इब्न बतूताच्या वाक्याचा आम्हीं लाविलेला अर्थ खरा कीं खोटा, हें ठरेल. तो खोटा ठरला तरी चालेल. यावेळीं तो दगडावर 'असावी' या शब्दासह कोरला आहे.